आजारी पोर घेऊन बाहेर पडायचंच असेल तर

मी एसटीत कंडक्टर आहे, चौदा वर्षं झाली. अमळनेर, पारोळा, धुळे, चोपडा, शिरपूर, याच रस्त्यांवर फिरते. डॉक्टर नाही, नर्स नाही. पण तापाने फणफणलेली, गालगुंड बांधून बसलेली, खोकून खोकून बेजार झालेली पोरं तिकिटं काढता काढता रोज बघते. "आजारी मुलाला घराबाहेर काढू नका" हे सांगायला काय जातं? नवरा सुरतेला कामाला, सासू दुसऱ्याच्या शेतात आणि डॉक्टर तालुक्याला, अशी बाई बाहेर पडणारच. म्हणून इथे पडू नका हे थोडं, आणि पडायचं तर कसं हे जास्त.

आधी माझीच चूक सांगते. एका वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला दोन दिवस रजा मिळाली. आखाजीला माहेर म्हणजे काय ते खान्देशच्या लेकीला वेगळं सांगायला नको. मुलगा सहा वर्षांचा, धाकटी तीन. निघायच्या सकाळी मुलाच्या पाठीवर चार-पाच लाल पुटकुळ्या दिसल्या, अंग कोमट लागलं. एप्रिल संपत आलेला, पारा ४३ च्या पुढे, मी म्हटलं घामोळ्या. पावडर फासली, तापाचं सिरप पाजलं. शंका आली नव्हती असं नाही. आईला फोन करून विचारलंसुद्धा. "काही व्हत नही व, लई ये पोऱ्याले," म्हणजे काही होत नाही, घेऊन ये पोराला, असं आई म्हणाली, आणि मला तेच ऐकायचं होतं. संध्याकाळभर मुलगा भाच्यांबरोबर एकाच झोक्यावर होता. रात्री अंघोळ घालताना पाहिलं तर पुटकुळ्यांत पाणी भरलेलं. कांजिण्या. आणि माझी वहिनी सातव्या महिन्यात.

वहिनीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की नाही हे कोणालाच नक्की आठवेना. तिची आई म्हणे गोवर होता, मावशी म्हणे माता उनी व्हती, म्हणजे कांजिण्या आल्या होत्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत घरात कोणी मला टाकून बोललं नाही, पण कोणी बोललंच नाही. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, वाढल्या, तशाच उरल्या. रिपोर्ट चांगला आला, तिच्या रक्तात आधीपासून संरक्षण होतं. भाऊ माझ्याशी पहिल्यासारखा बोलायला मात्र दिवाळी उजाडली.

तेव्हा निघण्याआधी पोराचे कपडे काढून उजेडात बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे जास्तच गरजेचं, कारण सगळं घामोळ्यांवर ढकलता येतं. घामोळ्या बारीक, एकसारख्या, मान-काखा-पाठीला दाटून येतात आणि गारव्यात बसवलं की ओसरतात. त्यांच्यामुळे ताप येत नाही. कांजिण्या एकाच वेळी तीन रूपांत दिसतात: इथे लाल ठिपका, शेजारी पाण्याचा फोड, तिकडे खपली. केसांत बोटं घालून बघा, तोंडात बघा, तिथेही असतात. गोवराची तऱ्हा वेगळी. आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, गळकं नाक, लाल डोळे, आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरत जाणारं पुरळ. काहीही असो, सिरप पाजून ताप उतरवला म्हणजे पोर बरं झालं असं नाही. सकाळी आठला औषध, दुपारी बाराला शाळेतून फोन, हे सगळ्या आयांना माहीत आहे. औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, तर तो उतरला म्हणायचा. आणि घरात असलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी अर्धी करून पोराला देऊ नका, कांजिण्यांत तर अजिबात नाही.

दिवस किती पाळायचे हे मी आमच्या नर्सताईंकडून नीट समजून घेतलं. कांजिण्या अंगावर दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात आणि शेवटच्या फोडाला खपली धरेपर्यंत पसरत राहतात. साधारण पाच ते सात दिवस, पण मोजायच्या त्या खपल्या, दिवस नाही. गोवर पुरळाच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस. गालगुंड, सूज आल्यापासून पाच दिवस. डांग्या खोकल्यात अँटिबायोटिक सुरू केल्यावर पाच दिवस, औषधच घेतलं नाही तर तीन आठवडे. जुलाब-उलट्या थांबल्यावर आणखी दोन दिवस. यातल्या पोरांचे हात साबणानेच धुवा. पर्समधल्या सॅनिटायझरच्या बाटलीवर जुलाबाच्या दिवसांत फार विसंबू नका.

डोळे आले असतील तर आणखी एक गंमत. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती. तेव्हा माझ्या गाडीत निम्मे लोक काळे चष्मे लावून बसायचे आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडे बघायचं टाळायचे. बघितल्याने डोळे येत नाहीत. डोळा चोळलेला हात दांडीला लागतो, रुमालाला लागतो, मग माझ्या हातातल्या ओल्या नोटेला लागतो, तिथून येतात. चष्म्याने त्या पोराला उजेडाचा त्रास कमी होतो, एवढंच. टॉवेल आणि उशी वेगळी ठेवा, हात धुवा, आणि चार दिवस दुसऱ्याच्या पोराचे मुके घेऊ देऊ नका.

माझी आजी घरात कोणाला माता आली की दारावर निंबाचा डहाळा खोवायची. घरात फोडणी बंद, तळण बंद, पाहुणे बंद. येणारा माणूस डहाळा बघून अंगणातूनच हाक मारायचा, निरोप देऊन परत जायचा. ज्या देवीच्या रोगाच्या भीतीने हे सुरू झालं असेल तो १९८० साली जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. देवीचा कोप म्हणून पोराला डॉक्टरकडेच न नेणं मला पटत नाही, त्यात पोरं गेलेली आहेत. पण डहाळ्याचं काम मला आता कळतं. तो सगळ्या गल्लीला सांगायचा. आत यायचं की नाही हे मग ज्याचं तो ठरवायचा. आम्ही डहाळा काढून टाकला, आणि सांगणंही.

आता सांगायचं कुठे कुठे? सगळ्यात आधी दवाखान्यात. पोराला घेऊन थेट जाऊन बाकावर बसू नका. निघण्याआधी फोन करा, कंपाउंडरला स्पष्ट सांगा, "अंगावर फोड आलेत, कांजिण्या वाटतात, बाहेर थांबू का?" बहुतेक ठिकाणी शेवटचा नंबर देतात किंवा मागच्या दाराने घेतात. गोवराचा संशय असेल तर हे फारच महत्त्वाचं. गोवर झालेलं पोर खोलीतून निघून गेलं तरी त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतात. त्याच बाकावर नंतर कोणी सहा महिन्यांचं तान्हं घेऊन बसणार आहे, आणि गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. म्हणजे त्या बाळाकडे स्वतःची लस नाहीच. झाडाखाली, रिक्षात, पायरीवर थांबा. ऊन असेल तर छत्री न्या.

मग गाडी. गोवराला गाडीतलं अंतर पुरत नाही, त्यामुळे संशय असेल तर एसटीत बसूच नका. आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना आधी फोन करा, कोणाची मोटारसायकल, उघडी रिक्षा बघा. बाकी आजारांत एसटीने जायचं असेल तर दुपारची गाडी धरा. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पाय ठेवायला जागा नसते. दुपारी एक ते तीन मात्र गाड्या अजूनही मोकळ्या धावतात. काचा बंद असलेल्या एसी गाडीपेक्षा खडखडणारी लाल गाडी बरी, खिडकी उघडता येते. खोकला किंवा फोड असतील तर मागची खिडकी घ्या. उलटी होणारं पोर मात्र मागे बसवू नका, मागे हादरे जास्त बसतात, ते पुढेच बसवा. दोन पिशव्या, एक जुनं कापड, पाण्याची वेगळी बाटली. पिशवी उलटी झाल्यावर शोधायची नसते, आधीपासून हातात धरायची असते. हे मी किती जणींना सांगितलं असेल आणि नंतर किती वेळा स्वतः गाडी धुतली असेल! मोठ्या पोराला मास्क लावा. दोन वर्षांच्या आतल्याला नको, त्याचा श्वास कोंडतो. आणि पोराला ओढणीत गुंडाळून लपवू नका. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत तापलेल्या पोराला गुंडाळणं म्हणजे एका आजाराचे दोन करणं.

कंडक्टरला सांगा. तुम्हाला वाटतं तो उतरवून देईल. मला एका बाईने चोपड्याच्या गाडीत हळूच सांगितलं, "ताई, पोरीला कांजिण्या आहेत, दवाखान्यात चालली." मी तिला मागची दोन बाकं दिली, पुढे बसलेल्या एका गरोदर बाईला माझ्या जागेवर आणलं, खिडक्या उघडायला लावल्या. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वेळी एकीने लपवलं, निम्म्या रस्त्यात ओढणी सरकली आणि अख्खी गाडी तिच्यावर तुटून पडली. पोर रडतंय, आई रडतेय. ओरडणाऱ्यांत एक गृहस्थ असे होते जे स्वतः तासभर तोंडावर हात न धरता शिंकत होते. त्यांना मी तिकिटाचे सुटे पैसे जरा उशिराच दिले.

कार्यक्रमांचं सगळ्यात अवघड. डॉक्टरकडे जाणं गरजेचं, हळदीला जाणं गरजेचं नाही, हे मनाला पटत नाही. श्रावणात कानबाई देवी बसते, सगळी भाऊबंदकी एका घरात, एकाच्या ताटातला रोट दुसऱ्याच्या हातात. नाही गेलं तर वर्षभर ऐकावं लागतं. माझी पद्धत आता अशी. "पोराला जरा बरं नाही" असं म्हणायचं नाही. त्यावर समोरून "काही व्हत नही" हेच येतं. आजाराचं नाव घ्यायचं, दिवस सांगायचे आणि प्रश्न विचारायचा: "मुलाला कांजिण्या आहेत, अजून चार दिवस पसरतात. तुमच्याकडे कोणी गरोदर आहे का, तान्हं आहे का, कोणाची कॅन्सरची औषधं चालू आहेत का?" प्रश्न विचारला की माणूस विचार करतो. आणि यजमान "या" म्हणाला तरी तो एकटाच त्या मांडवात नसतो, हेही लक्षात ठेवा. घरातून एकाने जायचं, एकाने पोरापाशी थांबायचं. आमच्याकडे आता हे थांबतात. सासूबाईंना पहिल्या वेळी ते काही पचलं नाही.

शेतमजूर बायांना हा सल्ला ऐकवताना मला लाज वाटते. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज बुडला की चूल अडते, पोर बरोबर न्यावंच लागतं. तिथे एवढंच करता येतं की बाकीच्या पोरांच्या झाडाखाली न बसवता वेगळ्या झाडाखाली त्याची झोळी बांधायची, पाण्याचा गडू वेगळा ठेवायचा आणि बरोबरच्या बायांना सकाळीच सांगून टाकायचं. त्यांच्यात कोणी पोटुशी असेल तर ती दुसरी ओळ धरेल.

आणि समजा जाऊन आल्यावर कळलं, माझ्यासारखं? तर त्याच रात्री फोन करायचे. मी सात घरी केले. पहिला फोन लावताना हात कापत होता, तिसऱ्यापर्यंत वाक्य पाठ झालं होतं. कांजिण्या झाल्या नसतील अशा गरोदर बाईला किंवा अंगात रोगाशी लढायची ताकद नसलेल्या माणसाला लवकर कळलं तर डॉक्टर काही करू शकतात. आठवड्याने कळून उपयोग कमी.

शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. मोठं पोर बरं झालं की घर मोकळं झालं असं वाटतं आणि आपण राहिलेल्या लग्नांना धावतो. पण कांजिण्या संसर्गानंतर दहा ते एकवीस दिवसांनी उमटतात, आणि उमटण्याआधीच पसरतात. म्हणजे धाकटं पोर हसत-खेळत असतं तेव्हाच ते मांडवभर वाटत असतं. मुलाचा पहिला फोड दिसला त्या तारखेला मी कॅलेंडरवर गोल केला. तिथून दहावा आणि एकविसावा दिवस मोजून मधला सगळा पट्टा पेन्सिलीने रंगवला. त्या पट्ट्यात नणंदेच्या घरचं लग्न होतं. मी आहेर पाठवला, रजा रद्द केली नाही, घरी बसले. पंधराव्या दिवशी सकाळी धाकटीच्या पोटावर पहिला फोड आला. घरात आम्ही चौघंच होतो.