जुन्या घराची फर्नेस बदलताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत एडिसन, ईस्ट ब्रन्सविक, पारसिपनी या पट्ट्यात आपल्या मंडळींनी घेतलेली बरीच घरं 1950 ते 1975 च्या दरम्यानची आहेत. विकणाऱ्याने स्वयंपाकघर नवं केलेलं असतं, बेसमेंटमधली फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, मात्र पंचवीस-तीस वर्षांची. जानेवारीतल्या एका रात्री ती बंद पडते, घर गारठतं, आणि सकाळी जो पहिला कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेल त्याला काम दिलं जातं. तीन एस्टिमेट घेतलीच, तरी त्यांत बघतात काय? ब्रँड आणि शेवटचा आकडा. मशीन कुठल्या कंपनीचं आहे याने फारसं बिघडत नाही. खर्च वाढतो तो त्या मशीनभोवतीच्या जुन्या गोष्टींमुळे: डक्ट (गरम हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे मार्ग), चिमणी, गॅसचा पाइप, वायरिंग. एस्टिमेटमध्ये त्यांचं नावही नसतं.

'जुनी होती तेवढीच बसवा'

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि ती घरमालक आणि कॉन्ट्रॅक्टर दोघे मिळून करतात. कॉन्ट्रॅक्टर बेसमेंटमध्ये उतरतो, जुन्या फर्नेसचं लेबल वाचतो, '120,000 बीटीयू' (तासाला जाळायच्या उष्णतेचं माप) लिहून घेतो, दहा मिनिटांत निघून जातो. ना खिडक्या मोजल्या, ना माळ्यावरचं इन्सुलेशन पाहिलं. याचं एस्टिमेट फाडून टाकलं तरी चालेल. घराची उष्णतेची गरज खोलीनिहाय काढण्याची रीतसर पद्धत आहे, तिला मॅन्युअल जे म्हणतात. 'मॅन्युअल जे करणार का?' एवढं विचारलं तरी निम्मे गडी गळतात.

पण कोणावर अवलंबून कशाला राहायचं? गॅसचं जानेवारीचं बिल काढा. समजा 220 थर्म जळले. त्यातले 20 गरम पाण्याचे आणि शेगडीचे म्हणून वजा करा, राहिले 200. एक थर्म म्हणजे 100,000 बीटीयू, आणि जुनी फर्नेस 80 टक्केवाली (जाळलेल्या गॅसपैकी 80 टक्के उष्णता घराला देणारी), म्हणजे घराला मिळाले 1 कोटी 60 लाख बीटीयू. महिन्याच्या 744 तासांनी भागा: तासाला सुमारे 21,500. त्या महिन्याचं सरासरी तापमान 32 फॅरनहाइट असेल, तर 65 मधून (बाहेर एवढं असलं की फर्नेस लागत नाही असं धरतात) वजा जाता 33 अंशांचा फरक. म्हणजे प्रत्येक अंशाला साधारण 650 बीटीयू. मध्य जर्सीत हिशेबाला धरायची थंडी 14 अंशांच्या आसपास, फरक 51 अंशांचा. गुणाकार येतो 33,000.

तेहतीस हजारांची गरज, आणि तळघरात 96,000 देणारी फर्नेस! ती पाच मिनिटं धडधडते, थर्मोस्टॅटजवळची खोली तापली की बंद होते, आणि मागच्या बाजूची बेडरूम गारच राहते. मग मंडळी म्हणतात फर्नेस कमी पडते, अजून मोठी घालूया. जुने अरुंद डक्ट एवढी हवा वाहूनच नेऊ शकत नाहीत, त्यामुळे हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता हवेला देणारा पत्र्याचा भाग) जास्त तापतो, फार तापल्यावर फर्नेस बंद करणारा लिमिट स्विच उडतो, आणि रोज पुन्हा पुन्हा तापून-निवून शेवटी पत्र्याला तडा जातो. मशीनने किती द्यावं याची मर्यादा गरजेच्या 1.4 पट धरतात. वरच्या घरात 40,000 ची 95 टक्केवाली फर्नेस 38,000 देते, तेवढी पुरते. कॉन्ट्रॅक्टर 'एवढी लहान कोणी बसवत नाही' म्हणेल. म्हणू दे. त्याला डक्टमधला स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवेचा दाब, मोजून दाखवायला सांगा. बहुतेक फर्नेसच्या लेबलवर 0.5 इंच (हा दाब पाण्याच्या इंचांत मोजतात) मर्यादा असते. 0.8 किंवा 0.9 निघाला तर पैसे मोठ्या मशीनवर नाही, रिटर्नचा (घरातली हवा फर्नेसकडे परत आणणारा) डक्ट वाढवण्यावर घालायला हवेत.

वाफेच्या रेडिएटरवर चालणारं घर असेल तर वरचं गणित लावू नका. तिथे बॉयलर घराच्या गरजेवर ठरत नाही, बसवलेल्या सगळ्या रेडिएटरच्या बेरजेवर ठरतो. आणि बॉयलरभोवतीची वाफेची नळी तांब्याची घालतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

चिमणीत एकटा उरलेला वॉटर हीटर

ही चूक पैशांपेक्षा जिवाला महाग पडू शकते, आणि स्वस्त एस्टिमेट स्वस्त का असतं याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

जुनी 80 टक्केवाली फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर हे दोघे एकाच विटांच्या चिमणीत धूर सोडतात. फर्नेसच्या गरम धुरामुळे चिमणी तापलेली राहते, आणि त्या ओढीवर वॉटर हीटरचा धूरही वर जातो. आता नवी 95 टक्केवाली फर्नेस आली. तिचा धूर इतका निवलेला असतो की तो पीव्हीसी पाइपातून थेट भिंतीबाहेर जातो. चिमणीत उरतो एकटा वॉटर हीटर, चार इंची नळीचा. धंद्यात याला ऑर्फन, म्हणजे अनाथ, म्हणतात. चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर तीन बाजूंनी थंडी लागते. तेवढ्याशा धुराने ती तापत नाही. वाफ आत निवते, आम्लाचं पाणी विटांच्या सांध्यांत मुरतं, दोन-तीन हिवाळ्यांत आतलं मॉर्टर भुगा होऊन खाली पडतं. वाट बुजली की धूर बेसमेंटमध्ये परततो, त्यात कार्बन मोनॉक्साइड.

आपल्या घरांत यात आणखी एक भर असते. फोडणीचा वास नको म्हणून बसवलेला 600 किंवा 900 सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा ओढणारा) शेगडीवरचा हूड. तो हवा बाहेर फेकतो, बंद घरात ओढ तयार होते, आणि हवा यायला सोपी वाट म्हणजे चिमणी. मग धूर उलटा खाली ओढला जातो.

तपासायला उदबत्ती पुरते. सगळ्या खिडक्या बंद करा, हूड फुल्ल, बाथरूमचे पंखे आणि ड्रायर चालू. गरम पाण्याचा नळ सोडा म्हणजे वॉटर हीटर पेटेल. पाच मिनिटांनी हीटरच्या डोक्यावरच्या टोपीजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर हूड बंद, हीटर बंद, खिडक्या उघडा आणि माणूस बोलवा. आज ठीक निघालं म्हणून कायमचं निश्चिंत होऊ नका. ही चाचणी कडाक्याच्या थंडीतही करावी आणि वारा सुटलेला असतानाही.

उपाय तीन. चिमणीत चार इंची मेटल लायनर (आतून घातलेली धातूची नळी), साधारण 1,000 ते 2,500 डॉलर. किंवा पंख्याने धूर बाहेर काढणारा पॉवर व्हेंट हीटर. किंवा हीट पंपचा, म्हणजे हवेतली उष्णता ओढून घेणारा, विजेवरचा हीटर, म्हणजे चिमणीच निवृत्त. जुना हीटर दहा वर्षांचा झालेला असेल तर लायनरवर पैसे घालणं वेडेपणा आहे, त्याच वेळी हीटरही बदला. हा खर्च एस्टिमेटमध्ये नसेल तर ते एस्टिमेट अर्धं आहे. न्यू जर्सीत परमिटच्या कागदांत चिमणी तपासल्याचा वेगळा फॉर्म असतो. 'परमिटची गरज नाही, उगाच वेळ जातो' असं म्हणणाऱ्याला नेमका तोच फॉर्म टाळायचा असतो.

बाकीच्या, थोडक्यात

नव्या फर्नेसमधून दिवसाला काही गॅलन आम्लयुक्त पाणी निघतं. चुनखडीचा न्यूट्रलायझर न लावता ते जुन्या बिडाच्या नळीत सोडू नका, आणि नळी गरम न केलेल्या गॅरेजमधून नेऊ नका. ती गोठली की फर्नेस बंद, तीही सगळ्यात थंड रात्री.

डक्टच्या सांध्यांवर पांढरी, कागदासारखी पट्टी दिसली तर खरवडू नका. 1980 च्या आधीच्या घरात ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. आधी नमुना तपासून घ्या, मग डक्टला हात.

अंगणात किंवा पायऱ्यांजवळ दोन लोखंडी नळ्यांची टोकं वर आलेली दिसली तर जमिनीत तेलाची टाकी असू शकते. गळती नसताना ती काढायला काही हजार डॉलर, गळली असेल तर मातीसकट त्याच्या कितीतरी पट. घर घेण्यापूर्वी टँक स्वीप करा, म्हणजे पुरलेली टाकी यंत्राने शोधून घ्या. घर घेतल्यावर कळलं तर तो खर्च तुमचाच, साध्या होम इन्शुरन्समध्ये तो बहुधा बसत नाही.

'फर्नेस काढा, हीट पंप बसवा, सरकार 2,000 डॉलर देतं' हे जुनं गाणं आहे. ती केंद्रीय करसवलत 31 डिसेंबर 2025 पर्यंत बसवलेल्या यंत्रांपुरतीच होती. हीट पंप वाईट नाही, पण घराच्या 100 अँपियरच्या विजेच्या पॅनेलवर तो बसेल का, हे आधी इलेक्ट्रिशियनला विचारा. 200 अँपियरला जायचं तर 2,500 ते 5,000 डॉलर वर. शिवाय जून 2025 मध्ये इथल्या विजेच्या बिलांत 17 ते 20 टक्के वाढ झाली, चालवण्याचा हिशेब नव्या दराने मांडा.

माळ्याची फट बुजवणं आणि इन्सुलेशन फर्नेसच्या आधी करा. नंतर केलंत तर आत्ताच घेतलेली फर्नेस मोठी ठरेल.

टँकलेस (टाकी नसलेला, लागेल तेव्हा पाणी तापवणारा) वॉटर हीटर तासाला 199,000 बीटीयूपर्यंत खातो. अर्ध्या इंचाच्या जुन्या गॅसच्या नळीवर तो बहुधा नीट चालत नाही, नुसता शिंकतो.

हवेचा फिल्टर एक इंच जाडीचा घेऊ नका, चार इंची फिल्टरचं कॅबिनेट मागा. फर्नेस बसतानाच ते करून घेतलं तर खर्चात फरक थोडाच पडतो.

आणि वेळ. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर. चालू फर्नेस उन्हाळ्याआधी बदलायला जिवावर येतं, पण जानेवारीत घासाघीस करायची ताकद कोणाकडेच नसते. कॉन्ट्रॅक्टरचा राज्याचा एचव्हॅकआर (हीटिंग-कूलिंगच्या कामाचा) परवाना नंबर करारावर लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता टाउनशिपच्या इन्स्पेक्टरने पास केल्याचा स्टिकर लावेपर्यंत देऊ नका.