आखाडाच्या आधी कोंबडा निवडा: घरच्या खुराड्यासाठी नर कोणता ठेवायचा

आखाड जवळ आला की आपल्याकडं गावोगाव व्यापारी गाडीला डालगी बांधून फिरायला लागतेत. भाव चांगला असतो, पेरणी नुकतीच झालेली असती, खताची उधारी बाकी असती, अन मग व्यापारी बोट दाखवील तो सगळ्यात भरीव, तुकतुकीत नर आधी जातो. मागं उरतो तो वाळका, ज्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, अन वर्षभर पिल्लं निघतेत ती त्याचीच. असं चार-पाच वर्षं चाललं की लोक म्हणतेत गावरान कोंबडी पहिल्यासारखी राहिली नाही. अहो, दरसाली चांगलं बी आपणच विकतो, मग राहील कशी? म्हणून माझं एकच सांगणं हाय, ठेवायचा नर आधी ठरवा, त्याच्या पायात रंगीत कडी नाहीतर दोरा बांधा, मग व्यापाऱ्याला दारात घ्या. नवसाचा कोंबडा सोडायचा असेल तर तो बी आधीच वेगळा धरा, ऐनवेळी घाईत हातात येतो तो नेमका ठेवण्याजोगाच असतो.

दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान निघालेली पिल्लं आखाडापर्यंत सहा-आठ महिन्यांची होतेत, म्हणजे निवडायला बरोबर वेळ मिळतो. पण निवड एकदाच बसून करू नका, टप्प्याटप्प्यानं करा.

पहिला टप्पा दोन महिन्यांना. तुरा लाल होऊन नर-मादी कळायला लागतं तवा फक्त खोट असलेले बाजूला काढायचे: चोच वाकडी, पायाची बोटं मुडपलेली, गुडघे एकमेकाला घासतेत असा चालणारा, छातीचं मधलं हाड वाकडं असलेला. असला नर खायला-विकायला चालतो, पैदाशीला नको. बाकी कुणाला नापास करू नका, या वयात अंगानं मागं असलेला पुढं दोन महिन्यांत कुठल्या कुठं जातो. अन जो सगळ्यात आधी बांग देतो तोच चांगला असं काही नसतं बरं का, लोक उगाच त्यावर जातेत.

दुसऱ्यांदा साडेतीन-चार महिन्यांना बघा. आता वजन करा, हुकाचा डिजिटल काटा अन एक पिशवी पुरते. एकाच वेळी निघालेल्या भावंडांचीच एकमेकांशी तुलना करायची, आधी निघालेल्या झोलातला (एका वेळच्या पिल्लांतला) नर मागून निघालेल्या झोलातल्याशेजारी भारीच दिसणार. ज्यांचं वजन चांगलं भरतं त्यातले चार-पाच जण पुढं न्या, एक नर ठेवायचा असेल तरी. पण निव्वळ सगळ्यात जड तोच धरायचा असं दरसाली करू नका, कारण नुसत्या वजनामागं लागलं की अंडी कमी होत जातेत. गावरानाला चपळ, उकिरडा उकरून पोट भरणारा, कुत्रं-मांजर आलं की उडून छपरावर जाणारा नर पाहिजे.

आता अंड्यांचं काय, नर तर अंडी देत नाही, मग त्याच्यातला हा गुण ओळखायचा कसा? त्याच्या आईवरून अन बहिणींवरून. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटती अन हीच कुणी करत नाही. आपण खुडूक कोंबडीखाली सगळ्या कोंबड्यांची अंडी गोळा करून घालतो, मग पिल्लू कुणाचं ते देवाला ठाऊक. त्यापेक्षा जी कोंबडी चांगली अंडी देते, नीट खुडूक बसते, पिल्लं घारीपासून सांभाळून मोठी करते, अशा दोन-तीन कोंबड्यांचीच अंडी वेगळी जमवा, त्यावर पेन्सिलीनं खूण करा अन तेवढीच उबवायला घाला. त्या अंड्यांवर उबवायला कोण बसती याला महत्त्व नाही, अंडं कुणाचं याला हाय. त्या पिल्लांतून निघालेला नर अर्धी जमेची बाजू घेऊनच येतो.

हातात घेऊन तपासणी रात्रीच करा, दांडीवर बसलेला कोंबडा अंधारात गुमान हातात येतो, पळवापळवी होत नाही. डोळे स्वच्छ, बाहुली गोल पाहिजे. तुरा लालबुंद, पिवळट-फिकट नको. छातीवर हात फिरवला तर हाड चाकूसारखं टोचू नये, दोन्ही बाजूला मांस लागलं पाहिजे. पाठ रुंद, पाय सरळ अन एकमेकांपासून लांब. पायाचे खवले उचललेले, खडबडीत दिसले तर ती खरजेची किडं असतेत, ती बरी होती पण आधी इलाज मग खुराड्यात. पंखाखाली अन शेपटीच्या बुडाशी उवा बघा.

मग स्वभाव. सकाळी दाणे टाकून जरा लांब उभं राहून बघत बसा. चांगला नर दाणा दिसला की क्लक-क्लक करून माद्यांना बोलावतो, स्वतः मागून खातो, वर घार दिसली की इशारा देतो. जो सगळ्यांना हाकलून एकटाच खातो, कोंबड्यांना कोपऱ्यात कोंडून पिसं उपटतो, तो नको. अन माणसावर धावून येणारा तर अजिबातच नको, घरात लेकरं असतेत, त्याच्या पायाचा काटा डोळ्याला लागला तर काय करणार. हा स्वभाव बऱ्याचदा पिल्लांत बी उतरतो. दुसऱ्या नरासमोर सतत दबून कोपऱ्यात बसणारा बी माद्यांवर चढत नाही, मग अंडी गार, म्हणजे पिल्लू न धरणारी, निघतेत.

आठ-दहा माद्यांना एक नर बास. पाच-सहा कोंबड्यांत दोन नर ठेवले की माद्यांच्या पाठी उघड्या पडतेत. पण एक राखीव नर वेगळा सांभाळाच, मानमोडीनं (राणीखेत रोगानं) नाहीतर मुंगसानं एक गेला तर पुढचं वर्ष वाया जातं. दोघांची बी लस चुकवू नका.

घरचाच नर घरच्याच बहिणींवर, आयांवर वर्षानुवर्षं सोडला तर पिल्लं अशक्त निघतेत, अंडी उबत नाहीत. दोन वर्षांनी सोयऱ्यांशी नाहीतर शेजारच्या गावातल्या ओळखीच्याशी नराची अदलाबदल करा, आणलेला नर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून मगच आत सोडा. वनराज, गिरीराज असले नर दिसायला देखणे असतेत, पण ते संकरित हायेत, त्यांची पुढची पिल्लं एकसारखी निघत नाहीत अन माद्या खुडूक बसायचं बी कमी करतेत. घरच्या घरी पिल्लं काढायची असतील तर गावरानच धरा.

नवा नर आत सोडल्यावर लगेच अंडी उबवायला घालू नका. जुन्या नराचं बीज कोंबडीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून तीन आठवडे अंडी खा नाहीतर विका, त्यानंतरची घाला. सातव्या दिवशी रात्री अंधारात अंडं टॉर्चवर धरून बघा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नुसतं पिवळं-पारदर्शक दिसलं तर गार. मे महिन्यात ऊन बेचाळीसच्या पुढं गेलं की चांगल्या नराची बी अंडी गार निघतेत, त्यामुळं उन्हाळ्यातल्या अंड्यांवरून त्याला बाद करू नका. पण पावसाळ्यात, हिवाळ्यात ताज्या अंड्यांतली अर्ध्याहून जास्त गार निघाली, अन दुसऱ्या वेळी बी तसंच झालं, तर राखीव नर बाहेर काढायची वेळ आली म्हणायची.