जखमी जनावर हरवू नये म्हणून: नामिबियाला निघण्यापूर्वीची तयारी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात हौसेखातर शिकार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे मुंबईतील ज्या मंडळींना मोठ्या जनावरांची शिकार कायद्याने करायची असते, ती नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिकेची वाट धरतात. पुढील तयारी नामिबियातील कुडू, गेम्सबॉक आणि निळा विल्डबीस्ट या हरणासारख्या मोठ्या शिंगवाल्या जनावरांसाठी आहे आणि तिचा सारा रोख गोळी लागल्यानंतर जनावर हातचे जाऊ नये यावर आहे. मागच्या मोसमात आमच्या गटाने जखमी केलेला कुडूचा नर सापडला नाही. गोळी लागल्याबद्दल कोणाला शंका नव्हती. तो नेमका कुठे उभा होता, हे मात्र चौघांनी चार ठिकाणी दाखवले.

पासपोर्ट, व्हिसा, पायाला सरावलेले बूट, टोपी, दुर्बीण यांविषयी काही सांगण्याची गरज नाही. रायफल यजमानाचीच, म्हणजे ज्याच्या शेतावर शिकार करायची त्याचीच, भाड्याने घ्यावी. शस्त्र देशाबाहेर नेण्या-आणण्याच्या कागदपत्रांत जाणारा वेळ सरावाला द्यावा. नामिबियाच्या नियमानुसार स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावरासाठी गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी किमान १३५० जूल, कुडू, गेम्सबॉक व विल्डबीस्टसाठी २७०० जूल आणि रानरेडा किंवा हत्तीसाठी ५४०० जूल असावी लागते. रायफल ठरवताना कोणते काडतूस मिळणार आहे, हे यजमानाला पत्राने विचारून घ्यावे.

नेम कुठे धरायचा, हे चित्रांवरून शिकल्यास पुरते समजत नाही. ओळखीच्या मटणवाल्याकडे पहाटे, बोकड सोलून आतले काढण्यापूर्वी जावे आणि पुढच्या पायाचे कोपर, हृदय, फुप्फुसे, कलेजी आणि वजडी यांची जागा हाताने दाखवून घ्यावी. कुडू आणि बोकड एकाच कुळातले असल्याने आतली मांडणी बरीचशी सारखी असते. बघणाऱ्याला सहसा वाटते त्यापेक्षा हृदय बरेच खाली आणि पुढे, दोन कोपरांच्या मध्ये असते. जनावर बाजूने आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या रेषेत वर जाऊन छातीच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर नेम धरावा. खांद्याच्या मागे, शरीराच्या मधोमध गोळी घालण्याची सवय असलेल्यांची गोळी अनेकदा कलेजीत किंवा पोटात जाते आणि तिथूनच हरवलेल्या जनावरांच्या कथा सुरू होतात.

वरळीच्या रेंजवर पोटावर पडून किंवा टेबलाच्या आधाराने मारलेल्या गोळ्यांचा आफ्रिकेत फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे बहुतेक बार उभ्याने, तीन काठ्यांच्या तिपाईवर रायफल टेकवून काढावा लागतो. तशी तिपाई बांबूच्या काठ्या आणि दोरीने घरीच बांधता येते. रिकाम्या शस्त्राने, भिंतीवरच्या ठिपक्यावर, चाप ओढल्यानंतरही डोळा दुर्बिणीतून न हलवण्याचा सराव रोज करावा.

आता या यादीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी कोणीही वगळू नये: खुणेची टेप. केशरी किंवा गुलाबी रंगाची प्लास्टिकची टेप, एक पूर्ण गुंडाळी, नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळते. ती सामानात, गाडीत किंवा यजमानाच्या पिशवीत ठेवून चालत नाही; ती बार काढणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात असली पाहिजे. बार काढल्यावर पहिले पाऊल उचलण्यापूर्वी, आपण जिथे उभे आहोत त्याच झुडपाला टेप बांधावी. मग जनावर उभे होते त्या दिशेचा फोटो त्याच जागेवरून काढावा, मागचे एखादे ठळक झाड किंवा वारूळ हेरून ठेवावे आणि फोनच्या ऑफलाइन नकाशात ठिकाण नोंदवावे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, म्हणून ती विकत घेऊन विमानतळावर अडचणीत येऊ नये. फोन आणि टेप पुरेशी आहेत. त्यानंतर एकाने बाराच्या जागी थांबून हाताने दिशा द्यावी, दुसऱ्याने जाऊन जनावर उभे होते तिथे दुसरी टेप बांधावी. दीडशे मीटरवरून एकसारखी दिसणारी काटेरी झुडपे जवळ गेल्यावर पूर्णपणे वेगळी दिसतात, आणि ‘मला जागा लक्षात आहे’ असे सांगणारा माणूस खरे बोलत असला तरी चुकत असतो. दोन्ही जागा बांधल्याशिवाय कोणीही, यजमानानेसुद्धा, पुढे चालू नये. तो घाई करत असेल, तर त्याला स्पष्ट शब्दांत थांबवावे. त्याचा राग परवडतो.

एवढ्या आग्रहाचे कारण असे की जखमी जनावराची वेदना ही आपण पत्करलेली जबाबदारी आहे. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते; कोणाच्या तरी हातून निसटलेल्या त्या जखमेची किंमत शेकडो माणसांनी मोजली. कुडू माणसावर येत नाही, म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही.

बार निघताच दुसरे काडतूस चढवावे आणि जनावर नजरेआड होईपर्यंत नेम त्याच्यावर ठेवावा. जागच्या जागी कोसळलेले जनावर मेले असे मानू नये, कारण मणक्याच्या वरच्या हाडांना गोळी चाटून गेली तरी ते धक्क्याने पडते आणि थोड्याच वेळात उठून पळते. पाठ कमानीसारखी वाकवून सावकाश चालू लागलेले जनावर बहुधा पोटात लागलेले असते. खुणेच्या जागी गुडघ्यावर बसून शोधावे: फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाचे असते, गर्द लाल रक्त कलेजीचे किंवा नुसत्या मांसाचे असते, हिरवट चोथा आणि वास म्हणजे पोट. फुप्फुसाची खूण मिळाल्यास अर्धा तास थांबावे, कलेजीची असल्यास निदान एक-दोन तास आणि पोटाची असल्यास त्याहून पुष्कळ जास्त, कारण पाठलाग केलेले जखमी जनावर मैलोनमैल जाते आणि न छेडलेले जवळच बसते. उन्हाने मांस बिघडेल आणि तरस येतील हे खरे आहे, तरी किती थांबायचे याचा निर्णय मागकाढ्याला घेऊ द्यावा.

माग काढताना सर्वांनी मागकाढ्याच्या मागे आणि रक्ताच्या रेषेच्या बाजूने चालावे. रेषेवर पाय पडला तर ती पुसली जाते. शेवटचे रक्त सापडेल तिथे प्रत्येक वेळी टेप बांधावी, म्हणजे माग तुटल्यावर त्या ठिकाणापासून गोल फिरून शोधता येते. होय, पुन्हा टेपच. रक्ताचा माग काढणारा कुत्रा यजमानाकडे आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारावे. नसल्यास शेजारच्या शेतावरून बोलावता येईल का, तेही. संध्याकाळी चारनंतर लांबचा बार काढू नये. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो.

पडलेल्या जनावराकडे मागच्या बाजूने जावे आणि काठीने डोळ्याला स्पर्श करून पाहावे. जखमी होऊन हरवलेल्या जनावराचे पैसे पूर्ण द्यावे लागतात, ही अट करारात वाचून घ्यावी आणि तेवढी रक्कम वेगळी काढून ठेवावी. रक्त सांडल्यावर त्या जातीचे दुसरे जनावर मागू नये. वाटेत इथिओपियात किंवा केनियात मुक्काम असल्यास पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी, नाहीतर परतताना मुंबईत अडवले जाते. प्लास्टिकची टेप गुरे खातात, म्हणून बांधलेले सर्व तुकडे सोडवून आणावेत.