मुलाची आवड तपासताना कोणती पद्धत घ्यावी?

एबीए थेरपीत (वर्तनाच्या अभ्यासावर आधारलेल्या शिकवण्याच्या पद्धतीत) नवं कौशल्य शिकवायचं तर प्रयत्नाबद्दल मुलाला काय द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. घरच्यांना विचारून यादी जरूर करा, पण ‘त्याला गाड्या फार आवडतात’ एवढ्यावर भागत नाही. निवड मुलाच्या हातून होऊ द्या. पद्धत कोणती घ्यायची, हे समोरचं मूल कसं वागतं त्यावरून ठरतं.

आधी एवढंच पाहा: हातातली वस्तू काढून घेतली की ते मारतं किंवा स्वतःला इजा करून घेतं का? तसं असेल तर फ्री ऑपरंट पद्धत घ्या. वस्तू मांडून ठेवा, पाच मिनिटं मुलाला मोकळं सोडा आणि ते कशाशी किती वेळ खेळलं ते स्टॉपवॉचवर मोजा. काहीच काढून घ्यायचं नसल्यामुळे चिडण्याचं कारणच उरत नाही. मूल एकाच वस्तूला चिकटून बसलं तर मात्र बाकीच्यांचा क्रम कळत नाही. मग पुढच्या वेळी ती वस्तू मांडूच नका.

वस्तू सहज सोडत असेल आणि पाच-सहा वस्तूंवरून नजर फिरवून एक उचलत असेल, तर मी सरळ एमएसडब्ल्यूओ (अनेक वस्तूंतून निवड, निवडलेली परत न ठेवता) घ्यायला सांगेन. डीलिऑन आणि इवाटा या संशोधकांची ही 1996 सालची पद्धत. वस्तू सारख्या अंतरावर ओळीत मांडा आणि ‘एक घे’ म्हणा. उचललेल्या वस्तूशी 30 सेकंद खेळू द्या, मग ती बाजूला ठेवा. ओळीत परत आणायची नाही. उरलेल्यांपैकी डाव्या टोकाची उजव्या टोकाला न्या आणि पुन्हा विचारा. वस्तू संपेपर्यंत किंवा मूल हात लावेनासं होईपर्यंत हे चालू ठेवा. मूळ पद्धतीत अशा पाच फेऱ्या होत्या, पण रोजच्या कामाला तीन बहुतेकदा पुरतात.

नोंदी चाळताना दर वेळी उजवीकडचीच वस्तू उचलली गेलेली दिसली, तर मूल वस्तू निवडतच नाहीये. अशा वेळी जोडी पद्धतीकडे वळा: समोर दोनच वस्तू, प्रत्येकीची बाकी प्रत्येकीशी एकदा तरी गाठ, आणि बाजू बदलत्या. क्रम नेमका मिळतो, पण वेळ खूप जातो. 6 वस्तूंच्या 15 जोड्या होतात, 8 वस्तूंच्या 28. दोघींतून निवडणंही जमत नसेल तर एकेक वस्तू पुढे करा. मात्र बरीच मुलं दिसेल ते घेतात, म्हणून कशाशी किती वेळ रमलं तेही लिहा.

खाऊ आणि खेळणी एका ओळीत नकोत. खाऊ बहुधा पुढे जातो आणि चांगली खेळणी उगाच मागे पडतात. खाऊची चाचणी जेवणानंतर लगेच घेऊ नका.

पहिली आलेली वस्तू रीइन्फोर्सर, म्हणजे वागणं वाढवणारं बक्षीस, ठरेलच असं नाही. काही सत्रं ती योग्य प्रतिसादानंतर लगेच द्या आणि तो प्रतिसाद वाढतोय का पाहा. वाढत नसेल तर यादीतली दुसरी घ्या. आवडी लवकर बदलणाऱ्या मुलांसाठी सत्र सुरू होण्याआधी एक छोटी फेरी घेतलेली बरी.