फायबरवरचा घरचा फोन अचानक मुका झाला तर

नेट चालू, पण फोनला डायल टोन नाही. कोकणात पहिल्या वळवाच्या गडगडाटानंतर हे हमखास होतं. आधी मोडेमवरचे दिवे बघा. लॉसचा दिवा (LOS, फायबरमधून सिग्नल येत नाही हे सांगणारा) लाल असेल तर बहुधा फायबर कुठेतरी तुटलीय किंवा घट्ट दुमडलीय; मग नेटही बंद असेल. पॉनचा दिवा (PON, फायबरची जोडणी सांगणारा) स्थिर हिरवा, पण फोनचा दिवा बंद असेल तर फोनची नोंदणी कंपनीच्या सर्व्हरवर झालेली नाही. मोडेम बंद करून मिनिटभराने चालू करा, पाच मिनिटं थांबा. तरी दिवा लागला नाही तर तक्रार नोंदवा. रिसेटच्या भोकात टाचणी मात्र घालू नका; फोनची सेटिंग पुसली गेली तर ती बहुधा कंपनीच्याच माणसाला भरावी लागते.

फोनचा दिवा लागलाय आणि तरी आवाज नाही? मग दोष वायर, फोन किंवा पोर्टमध्ये. घरातलं जुनं वायरिंग सोडवून साधा फोन छोट्या वायरने थेट मोडेमला लावा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. मोडेम बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने पोर्ट पुसा. वायर नवीच घ्या, स्वस्त असते. खांबावरून येणारी जुनी तांब्याची लाइन अजून जोडलेली असेल तर ती आधी काढा. विजेचा झटका त्याच वाटेने पोर्ट जाळतो, मग मोडेम बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

घंटी वाजताच मोडेम रिस्टार्ट होतो? अ‍ॅडॅप्टर दमलाय, कारण घंटीला जास्त करंट लागतो. नवा घेताना व्होल्ट लेबलवरचेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.