ऑनलाइन तासाची पहिली पाच मिनिटं

"आवाज येतोय का?" असं विचारलं की 40 जणांतून दोघं "हो सर" म्हणतात, बाकीचे गप्प. मुलं लाजतात हे खरं, पण बोलायची पाळी कुणाची हेही त्यांना कळत नाही. म्हणून आइसब्रेकर, म्हणजे तासाच्या सुरुवातीला मुलांना बोलतं करणारा छोटा खेळ किंवा प्रश्न, असा निवडा, ज्याचं उत्तर चॅटमध्ये एका शब्दात देता येईल.

सर्वांत खात्रीचा प्रकार सांगतो. प्रश्न विचारा, उत्तर टाइप करायला सांगा, पण पाठवू देऊ नका. 30 सेकंद थांबा. मग "तीन, दोन, एक" म्हणताच सगळ्यांनी एकदम पाठवायचं. नाहीतर पहिल्या मुलाचं उत्तर बाकीचे उतरवतात. सांगली जिल्ह्यातल्या वर्गाला विचारा, "तुमच्या शिवारात सध्या काय उभं आहे?" वाळव्याचा ऊस, तासगावची द्राक्षं, आटपाडीचं डाळिंब एकाच चॅटमध्ये आलं, की पाऊसपाण्याचा धडा तिथूनच सुरू होतो. साताऱ्याकडे हेच भरपूर पावसाच्या पाटण आणि दुष्काळी माण तालुक्यांच्या पावसावर जमतं. आलेल्यांपैकी चार-पाच उत्तरं मुलांची नावं घेऊन मोठ्यानं वाचा. हे राहिलं तर पुढच्या वेळी कुणी टाइप करत नाही.

"कंदी पेढा की भडंग?" असा पोल मिनिटभरात उरकतो, पण त्यातून पुढे काही निघत नाही. उशीर झालेल्या दिवशी ठीक.

गटात बोलायला लावायचं तर ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मीटिंगमधल्याच वेगळ्या छोट्या खोल्यांत, तिघा-चौघांचा गट, 4 मिनिटं. आधी कोण बोलणार हे खोल्या उघडण्यापूर्वीच ठरवून द्या: ज्याचं घर शाळेपासून सर्वांत लांब, तो. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग 40 मिनिटांत तुटते, त्यामुळे खोल्यांत जाण्या-येण्याचा वेळही त्यातच मोजा. गूगल मीटच्या मोफत खात्यात या खोल्या नसतात.

समूहगीत आणि तालात टाळ्या टाळा. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिरानं पोचतो, शिवाय टाळीला गोंगाट समजून ॲप ती दाबून टाकतं. "घरातली आवडती वस्तू कॅमेऱ्यात दाखवा" हेही नको. एका खोलीत सगळं घर असतं, कॅमेरा लावायचं मुलाला अवघड वाटतं आणि डेटाही जास्त जातो. त्याऐवजी वस्तूची तीन वर्णनं चॅटमध्ये लिहायला लावा, बाकीच्यांनी ओळखायची.

ज्याला फोन वडील शेतातून आल्यावरच मिळतो, त्याच्यासाठी प्रश्न आदल्या संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि आलेलं उत्तर तासाला तुम्हीच वाचा, त्याचं नाव घेऊन.