साकुराच्या दिवसांत जपान: दोघांच्या रेल्वेप्रवासाची आखणी

जपानमधील वसंताच्या सहलीची आखणी शहरांच्या नव्हे, तर तारखांच्या निवडीपासून सुरू करावी. टोकियो, क्योटो आणि हिरोशिमा येथे साकुरा, म्हणजे चेरी, बहुतेक वर्षी मार्चच्या अखेरच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुललेली असते. पहिली फुले उमलल्यापासून पूर्ण बहर यायला साधारण आठवडा लागतो, आणि नंतर एखादा जोराचा पाऊस झाला तर दोन दिवसांत पाकळ्यांचा सडा पडतो. म्हणून २७ मार्चच्या सुमारास टोकियोत उतरून पश्चिमेकडे सरकत जावे. थोडा उशीर झाला तरी निराश होऊ नये. क्योटोतील निन्नाजी मंदिराच्या आवारातील बुटकी ओमुरो चेरी सगळ्यांच्या मागून, एप्रिलच्या मध्याकडे फुलते. २९ एप्रिलपासूनचा सुट्ट्यांचा आठवडा मात्र टाळावा, कारण त्या काळात सारा देशच प्रवासाला निघालेला असतो.

विमानाचे तिकीट टोकियोला उतरण्याचे आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परतण्याचे काढावे. त्यामुळे परतीचा जवळजवळ एक पूर्ण दिवस वाचतो. टोकियोत चार रात्री, क्योटोत चार, हिरोशिमात दोन आणि ओसाकात दोन एवढा मुक्काम पुरेसा आहे. रोज नव्या हॉटेलात सामान उघडायचे आणि बांधायचे, अशा सहलीत दोघांपैकी एकाची तरी चिडचिड ठरलेली असते.

आता पासाचा प्रश्न. संपूर्ण जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास घ्यावाच, हा जुना सल्ला आता या मार्गासाठी लागू पडत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेली, तर टोकियो ते क्योटो हे शिंकान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, आरक्षित तिकीट सुमारे १४,००० येनला मिळते. तेव्हा हा टप्पा सुट्या तिकिटाने करावा आणि पुढच्या भागासाठी कान्साई-हिरोशिमा हा पाच दिवसांचा प्रादेशिक पास घ्यावा. २०२३च्या दरवाढीनंतर तो माणशी १७,००० येनला मिळू लागला. खरेदीपूर्वी चालू दर मात्र पाहून घ्यावा. या पासावर क्योटो ते शिन-ओसाका (ओसाकाचे शिंकान्सेन स्थानक) ही शिंकान्सेन चालत नाही, तेवढे अंतर जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, साध्या जलद गाडीने कापावे लागते. ही बाब लक्षात न आल्याने अनेकांना स्थानकातील तिकीट-फाटकापाशी अडकावे लागते.

टोकियो-क्योटो तिकीट काढताना दोघांनी डी आणि ई या जागा मागाव्यात. साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसने असतात, आणि ही दोन आसने नेमकी फुजी पर्वताच्या बाजूला येतात. टोकियो सोडल्यावर साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, शिन-फुजी स्थानकाच्या आसपास, आकाश निरभ्र असेल तर तो बर्फाच्छादित डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत खिडकीत उभा राहतो, आणि एक-दोन मिनिटांत कारखान्यांच्या धुराड्यांमागे सरकतो. त्या वेळी जेवणाचा डबा उघडून बसू नये. आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता खुले होते. बहराच्या दिवसांत त्याच दिवशी जागा धराव्यात.

लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल, तर या गाडीत सामानाच्या जागेसह असलेले आसन आरक्षित करावे लागते. त्यापेक्षा ताक्क्युबिन ही सेवा वापरावी: हॉटेलच्या स्वागतकक्षात बॅग द्यावी, ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातील हॉटेलात पोहोचते. एका रात्रीचे कपडे आणि औषधे पाठीवरच्या पिशवीत ठेवावीत. हा खर्च मला संपूर्ण सहलीतील सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

क्योटोत गर्दी टाळायची असेल तर सकाळी सातच्या आत बाहेर पडावे. केआगे येथे उतारावर लोहमार्गाचे जुने रूळ आहेत. बिवा सरोवराच्या कालव्यातील नावा पूर्वी गाड्यांवर चढवून त्यावरून वरखाली नेल्या जात असत. आज दोन्ही बाजूंच्या चेरीखालून त्याच रुळांमधून चालता येते. पायाखाली खडी आहे, म्हणून बूट मजबूत हवेत. तेथून ‘तत्त्वज्ञाची वाट’ नावाच्या पायवाटेने कालव्याच्या कडेकडेने सुमारे दोन किलोमीटर जाता येते.

पास क्योटो सोडण्याच्या दिवशी सुरू करावा. त्या दिवशी हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला पाहून संध्याकाळी हिरोशिमा गाठावे. दुसऱ्या दिवशी शांतता उद्यान आणि मियाजिमा बेट पाहावे, कारण जेआरची फेरीबोट पासात समाविष्ट आहे. तिसऱ्या दिवशी ओसाकाला येताना ओकायामाला उतरावे. तेथील कोराकुएन ही बाग पाहून पुणेकरांना सिंहगड रस्त्यावरील पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आठवल्याशिवाय राहणार नाही, कारण ते तिच्याच धर्तीवर उभारलेले आहे. चौथा दिवस ओसाकासाठी राहतो आणि पाचव्या दिवशी हारुका गाडीने त्याच पासावर विमानतळ गाठता येतो.

शाकाहारी जोडप्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: भाज्यांच्या पदार्थांतही माशाचा दाशी नावाचा अर्क सर्रास असतो. ‘मांस, मासे आणि माशाचा अर्क चालत नाही’ असे वाक्य जपानीत लिहून खिशात ठेवावे आणि डब्यासाठी घरून थालीपिठाची भाजणी न नेता दशम्या, मेतकूट आणि चिवडा न्यावा, कारण हॉटेलच्या खोलीत चूल नसते. शिंकान्सेनमध्ये जेवायला हरकत नाही. शहरातील लोकलमध्ये मात्र कोणी खात नाही आणि फोनवर बोलतही नाही.